लेझीम, हलगी आणि शंभर मिलिसेकंद

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी लेझीम हातात धरलेली असते. गावची जत्रा, शिवजयंती, गणपतीची मिरवणूक, तालमीतला सराव अशा सगळ्या ठिकाणी ती दिसते. लेझीम खेळणारी पोरं-पोरी महिनाभरात एकमेकांच्या घरी जायला लागतात, हेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण असं का होतं? एकत्र घाम गाळला म्हणून, असं म्हणावं तर एकाच जिममध्ये वर्षभर शेजारशेजारच्या ट्रेडमिलवर पळणारी माणसं एकमेकांचं नावही विचारत नाहीत. एकत्र गाणी ऐकली म्हणून म्हणावं तर लोकलमध्ये कानात इअरफोन घालून सगळेच गाणी ऐकत असतात.

उत्तर आहे ते वेळ साधण्यात. एकाच क्षणी दोन डझन माणसांनी एकच हालचाल करणं ही वाटते त्यापेक्षा अवघड गोष्ट आहे. ती जमवण्यासाठी मेंदूला जे करावं लागतं, त्यातच जवळीक तयार होते. हे समजून घ्यायला लेझीम फार सोयीची, कारण इतर बऱ्याच नाचांमध्ये वाजवणारे वेगळे आणि नाचणारे वेगळे असतात. इथे नाचणाऱ्याच्या हातातच वाद्य असतं. गर्दीत चुकीचा पडलेला पाय खपून जातो, पण चुकीच्या क्षणी मिटलेली लेझीम अख्ख्या मैदानाला ऐकू जाते.

वाद्य साधं आहे. एक लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना अडकवलेली लोखंडी साखळी, साखळीत ओवलेल्या पत्र्याच्या चकत्या आणि साखळीच्या मध्यावर धरायला मूठ. एका हातात दांडा, दुसऱ्यात मूठ. हात लांब केले की साखळी ताणली जाऊन चकत्या एकमेकींवर आपटतात. जवळ आणले की त्या पुन्हा वाजतात. म्हणजे उघडताना एक आवाज आणि मिटताना एक. चार मोजणीचा सगळ्यात सोपा हात असा: एकला वाकून पायांपाशी उघडायची, दोनला मिटायची, तीनला सरळ होऊन छातीसमोर उघडायची, चारला मिटायची. पुढचे सगळे प्रकार यावरच चढतात: पाय पुढे-मागे टाकणं, वळणं, बैठक, उडी.

ठोका ऐकून हात हलवला तर उशीर झालेला असतो

आवाज कानावर पडल्यापासून हात हलेपर्यंत माणसाला साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. मध्यम लयीत, मिनिटाला १०० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये ६०० मिलिसेकंदांचं अंतर असतं. प्रत्येकाने लेझीमीला ताल देणाऱ्या हलगीचा ठोका ऐकायचा आणि मग लेझीम उघडायची असं ठरवलं, तर सगळी रांग कायम पाव ठोका मागे राहील. तसं होत नाही. प्रयोगशाळेत माणसांना मेट्रोनोमच्या, म्हणजे एकसारखा ठेका देणाऱ्या यंत्राच्या, टिकटिकीबरोबर बोट टेकवायला सांगतात, तेव्हा बहुतेकांचं बोट टिकटिकीच्या किंचित आधीच टेकतं. याचा अर्थ मेंदू ठोक्याची वाट बघत थांबत नाही. पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधून तो हाताला आधीच हुकूम देऊन ठेवतो.

रांगेत उभा असलेला माणूस हा अंदाज फक्त हलगीचा बांधत नाही. डावीकडची मुलगी वाकायला लागली, समोरच्याने खांदा उचलला, हे सगळं त्याच्या हिशेबात जात असतं. दोन डझन डोकी एकाच क्षणाचा अंदाज बांधतात, आणि तो जुळला की एक गंमत होते. आपण हात हलवला आणि त्याच क्षणी आवाज झाला, तर मेंदू एरवी समजतो की हा आवाज मी केला. इथे त्या क्षणी सगळ्यांचाच आवाज झालेला असतो. माझं कुठे संपतं आणि शेजाऱ्याचं कुठे सुरू होतं, याची मेंदूची खातरी थोडी सैल पडते. संशोधक एकत्र तालातून येणाऱ्या जवळिकीची जी कारणं सांगतात, त्यातलं हे एक.

दुसरं कारण शरीरातल्या रसायनांचं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना तिघातिघांच्या गटात नाचायला लावलं. काही गट जोमाने नाचले, काहींनी बसल्या बसल्या हात हलवले. काहींनी एकसारख्या हालचाली केल्या, काहींनी वेगवेगळ्या. आधी आणि नंतर प्रत्येकाच्या दंडावर रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून, तो नकोसा होईपर्यंत किती सहन होतो ते पाहिलं. वेदना सहन करण्याची ताकद वाढली तर शरीरात एंडॉर्फिन हे वेदना कमी करणारं रसायन सुटलं असावं, असा त्यामागचा हिशेब. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दमणुकीनेही सहनशक्ती वाढली आणि एकतालानेही वाढली. दोन्हींचा परिणाम वेगवेगळा दिसला. गटातली आपुलकीही दोन्हींनी वाढली. ट्रेडमिलवाल्यांच्या पदरात यातला दमणुकीचाच भाग पडतो.

कॅनडात १४ महिन्यांच्या बाळांवर असाच प्रयोग झाला. बाळाला कडेवर घेऊन गाण्याच्या तालावर हलवायचं, समोर एक अनोळखी बाई उभी. ती बाळाबरोबर तालात हलली, तर नंतर तिच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यायला बाळ जास्त वेळा पुढे आलं. धड बोलताही न येणाऱ्या वयात हे घडतं म्हटल्यावर, ही निव्वळ मोठ्यांनी शिकवलेली रीत आहे असं म्हणता येत नाही.

मात्र एक प्रयोग उत्साही मंडळींनी जरूर लक्षात ठेवावा. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी नव्याने सुरू झालेल्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं गेलं. गाणाऱ्यांची ओळख झपाट्याने जुळली. पण सात महिन्यांच्या शेवटी हस्तकलावाले आणि लेखनवालेही तितकेच जवळ आले होते. म्हणजे तालसुरामुळे सुरुवात लवकर होते. पुढची मैत्री गप्पांत आणि चहावरच होते. सरावानंतरची पंधरा मिनिटं, वडापाव आणि कोणाची तरी टिंगल हा सरावाचाच भाग धरावा. आठला सराव संपला की लगेच गेट बंद करणारी सोसायटी अर्ध्या फायद्यावर पाणी सोडते.

रांग का फाटते

लेझीम बिघडते तेव्हा दोष नव्या पोरांवर येतो. बऱ्याचदा दोष अंतराचा असतो.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. ऐकायला हे खूप वाटतं. पण २४ जण एका सरळ रांगेत दीड-दीड मीटरवर उभे केले, तर रांगेची लांबी साडेचौतीस मीटर होते. हलगी एका टोकाला असेल तर दुसऱ्या टोकाच्या माणसाला ठोका बरोबर शंभर मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मघाच्या लयीत हा ठोक्याचा सहावा भाग झाला. तो माणूस आपल्या कानाशी प्रामाणिक राहून अगदी अचूक खेळला, तरी त्याच्या लेझीमीचा आवाज हलगीवाल्यापर्यंत परत यायला आणखी शंभर मिलिसेकंद. हलगीवाल्याला वाटतं, मागची मंडळी ठोक्याचा तिसरा हिस्सा मागे पडलीत. तो त्यांच्यासाठी थांबतो. त्याने ठोका लांबवला की मागचे आणखी लांबवतात. लय रेंगाळायला लागते आणि पाच मिनिटांत मिरवणुकीचा जोर उतरतो. कोणीही चुकलेलं नसतं.

स्टॅनफर्डमध्ये दोन माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून, मधला आवाज मुद्दाम उशिरा पोहोचवून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. उशीर २५ मिलिसेकंदांच्या आसपासहून वाढला की लय हळू होत गेली. उलट उशीर अगदीच कमी, दहाच्या खाली आला, की लय आपोआप चढत गेली. लेझीम खेळणाऱ्यांचा अनुभव याच्याशी जुळतो: जवळजवळ उभं राहून सराव केला की लय पळते, आणि तीच मंडळी रस्त्यावर लांब रांगेत आली की रेंगाळते. २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन भजन म्हणायला बसलेल्या मंडळांचा जो गोंधळ उडाला, त्याचंही कारण हेच. इंटरनेटवरचा उशीर २५ मिलिसेकंदांच्या कितीतरी पुढे जातो. शेवटी एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी माइक बंद करून साथ द्यायची, हाच मार्ग उरला.

यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे: गोल करायचा. तेच २४ जण, तेच दीड मीटरचं अंतर, पण रिंगणात उभे केले तर परीघ ३६ मीटर आणि मध्यापासून प्रत्येक जण ५.७ मीटरवर. हलगी मध्यभागी ठेवली की सगळ्यांना ठोका १७ मिलिसेकंदांत पोहोचतो आणि सगळ्यांना सारखाच पोहोचतो. समोरासमोरच्या दोघांतही ३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक पडत नाही. कसलेल्या वादकांच्या एकत्र वादनातसुद्धा तीस-पन्नास मिलिसेकंदांचा मागेपुढेपणा असतोच, त्यामुळे एवढ्याने काही बिघडत नाही. डहाणू-जव्हारकडच्या वारली नाचात तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती असतात, त्या रचनेतही हाच फायदा आहे. शिवाय गोलात प्रत्येकाला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. डोळ्यांना उशीर होत नाही. वाकलेला खांदा दिसतो त्याच क्षणी दिसतो.

मिरवणुकीत गोल चालत नाही. तिथे रांग आखूड करायची: चार-चारच्या सहा ओळी, दोन ओळींत दोन मीटर. लांबी दहा मीटर होते. हलगी तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये ठेवली तर कोणीही तिच्यापासून सहा-सात मीटरपलीकडे जात नाही. अडचण एवढीच की मंडळाच्या अध्यक्षांना हलगी पुढे हवी असते, फोटोत येते म्हणून. त्यांना पुढे चालणारा एक पट्टीचा खेळाडू द्यावा. तो म्होरक्या हात उंच करून पुढच्या बदलाची खूण देतो. मागच्यांना ती दिसते आणि फोटोही चांगला येतो.

जागा निवडताना भिंतीही मोजाव्यात. सतरा मीटरवर कंपाउंडची उंच भिंत असेल तर आवाज तिच्यावर आपटून शंभर मिलिसेकंदांनी परत येतो आणि नवख्याला दोन हलग्या ऐकू यायला लागतात. इमारतीखालचं झाकलेलं पार्किंग तर सगळ्यात वाईट: चकत्यांचा खणखणाट तिथे घुमत राहतो, ठोके एकमेकांत मिसळून जातात, आणि कानांना त्रास होतो तो वेगळाच. पाऊस आहे म्हणून पार्किंगमध्ये सराव करणं भागच असेल तर लेझीम बाजूला ठेवून फक्त पायांचा सराव करावा.

स्पीकर असताना हलगीवाला कशाला

ठोका तर स्पीकरही देतो. पण स्पीकर माणसांकडे बघत नाही. वाजवणारा जाणता असेल तर त्याची नजर हातावर कमी आणि पायांवर जास्त असते. दुसऱ्या ओळीत दोघं अडखळले की तो हातातले बारीक भरणीचे बोल गाळून नुसता ठळक ठोका देतो, रांग सावरली की पुन्हा भरायला लागतो. माणसं दमली की लय दोन पायऱ्या खाली आणतो. उत्साहात लय चढते तेव्हा ती धरून ठेवतो. हात बदलायच्या जागी एक रिकामी जागा सोडून सगळ्यांना श्वास देतो. रेकॉर्ड केलेला ट्रॅक अडखळलेल्याला मागे टाकून पुढे जातो, आणि दोनदा मागे पडलेला माणूस तिसऱ्या दिवशी सरावाला येत नाही.

हलगी एका बाजूला कातडं मढवलेलं उथळ वाद्य. एक लांब बारीक काडी आणि एक आखूड जाड टिपरू यांनी वाजवतात. कडाडणारा, टोकदार आवाज हे तिचं बळ, कारण टोकदार आवाजाचा क्षण कानाला नेमका पकडता येतो. कोल्हापूर-सांगलीकडे तिच्या जोडीला घुमकं असतं. ते खालचा, भरीव आवाज देतं आणि पायांना त्याचाच आधार मिळतो. कातड्याने ओल धरली की ते ढिलं पडतं आणि आवाज बसतो. म्हणून वाजवण्याआधी हलगी जाळावर तापवतात. पावसाळी हवेत अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तापवावी लागते, तेव्हा कार्यक्रम आखताना ती विश्रांती आधीच धरून ठेवावी. जाळ फार जवळ नेला तर कातडं करपतं किंवा तडकतं. हल्ली प्लॅस्टिकचं पान लावलेली हलगीही मिळते. तिला पावसाची पर्वा नाही. आवाज जरा पत्र्यासारखा येतो, पण सोसायटीच्या सरावाला पुरेसा आहे.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. एकतालाने माणसं जवळ येतात ती रिंगणातली. रिंगणात कोणाला घ्यायचं हे ताल ठरवत नाही, माणसं ठरवतात. गावगाड्यात हलगी वाजवणं हे मातंग समाजाच्या वाट्याला आलेलं काम होतं. जत्रेत, लग्नात, मिरवणुकीत सगळं गाव ज्या ठोक्यावर नाचलं, तो ठोका देणारा मात्र पंगतीत वेगळा बसला. पिढ्यान् पिढ्या एका तालावर नाचूनही ही रेघ पुसली गेली नाही. आज काय करायचं ते उघड आहे: बिदागी आधी ठरवून वेळेवर द्यायची, जेवण सगळ्यांबरोबर एकाच ओळीत, पत्रिकेत आणि माइकवर नाव, आणि शिकवायची तयारी असेल तर त्याचा वेगळा मोबदला. दुसरी बाजूही आहे. पायाला पाय लावून चाललेली माणसं एकमेकांना जास्त सहकार्य करतात, तशी ती सोबत्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याला इजा करायलाही जास्त सहज तयार होतात, असंही प्रयोगांत दिसलं आहे. दोन मंडळांच्या मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या की याचा प्रत्यय येतो.

सोसायटीत सुरू करायचं तर

सोळा ते चोवीस माणसं बरी. दहाच्या खाली आवाज भरत नाही आणि चुकणारा फार उघडा पडतो. हातांची लांबी आणि उघडलेली लेझीम धरून माणशी दीड मीटर, उड्या किंवा बैठका असतील तर दोन मीटर. आठवड्यातून तीन संध्याकाळी, दर वेळी चाळीस मिनिटं, असे तीन-चार आठवडे धरावेत.

पहिले दोन दिवस लेझीम हातात द्यायचीच नाही. गोलात उभं करून फक्त टाळ्या आणि पावलं. मिनिटाला ८० ठोक्यांपासून सुरुवात. पायांची सवय झाली की लेझीम, आणि सगळ्यांचा आवाज एक यायला लागला की ९०, मग १००. घाईने ११० वर गेलं की साखळी पुरती उघडायच्या आत मिटायची वेळ येते आणि खणखणाटाचा कचकचाट होतो. साठीपुढची मंडळी असतील तर ८०-९० वरच राहावं आणि वाकण्याऐवजी कमरेच्या उंचीवर लेझीम उघडावी. आवाज तोच येतो, गुडघे आणि पाठ वाचतात.

नवख्याला रांगेच्या टोकाला उभं करायची आपल्याकडे सवय आहे, चूक दिसू नये म्हणून. त्याने तो सुधारत नाही. टोकाला त्याला एकाच बाजूचा आधार मिळतो, शिवाय ठोका सगळ्यात उशिरा ऐकू येतो. दोन पक्क्या खेळाडूंच्या मध्ये ठेवला तर आठवडाभरात त्याचा अंदाज बसतो. आणि या दोघांशी त्याची गट्टी जमते, ती वर्षभर टिकते.

दुखापती ठरलेल्या आहेत. साखळी आणि दांडा यांच्यात बोट चिमटतं: दांडा धरताना अंगठा साखळीच्या बाजूला आला की हे होतं, म्हणून अंगठा बाहेरून. मनगट दुखतं ते मूठ आवळून धरल्याने. दांड्याच्या टोकाला साखळी जिथे अडकवलेली असते तो आकडा किंवा स्क्रू सैल झाला की खेळता खेळता साखळी सुटून शेजाऱ्याला लागू शकते. दर सरावाआधी प्रत्येक लेझीम एकदा जोरात ताणून बघावी. ओल्या टाइलवर खेळू नये. कार्यक्रम संपल्यावर चकत्या कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्यावा, नाहीतर गंजून आवाज बसतो.

वेळ संध्याकाळी सात ते आठ ठीक. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, रात्र १० वाजता सुरू होते, आणि हलगी या आकड्यांच्या पुष्कळ वर जाते. तेव्हा पहिल्या मजल्यावर बाळ, आजारी माणूस किंवा परीक्षेचं पोर आहे का ते आधी विचारून घ्यावं. त्यातल्या परीक्षावाल्याला बहुधा खाली यायचंच असतं.

दुसऱ्या वर्षी माणसं वाढतात. साठ झाली तर एकच मोठा गोल करायचा मोह होतो. त्याचा परीघ ९० मीटर, व्यास जवळजवळ २९ मीटर, आणि समोरासमोरच्या दोघांत ८० मिलिसेकंदांहून जास्त अंतर. मघाच्या लांब रांगेचंच दुखणं परत. त्यापेक्षा एकात एक असे दोन गोल करून हलगी मध्ये ठेवावी. आत २४ आणि बाहेर ३६ उभे केले तर बाहेरचा माणूसही हलगीपासून नऊ मीटरच्या आत राहतो. दोन वेगळे गट करायचे असतील तर दोन हलग्या लागतील, आणि त्या एकमेकींना ऐकू येणार नाहीत इतकं मोठं मैदान सोसायटीत सहसा नसतं.